नळाची रेघ

फुलसावंगीच्या मारोतरावांच्या घरी चुलीपासून तीन हातांवर पितळी तोटी बसली, तेव्हा पहिला आठवडाभर गावातील सुवासिनी देवदर्शनाला याव्यात तशा ती पाहायला येत होत्या. तोटी एका अंगाला फिरविली की पाणी येते आणि दुसऱ्या अंगाला फिरविली की थांबते, एवढाच तो चमत्कार. परंतु ज्यांची अर्धी हयात विहिरीच्या काठी दोर ओढण्यात गेली, त्यांना तो समुद्रमंथनाहून उणा वाटला नाही.

योजना साधी होती. घरापुढे अंगण, अंगणापुढे वाडी, वाडीत विहीर आणि विहिरीवर बैलांची मोट. मोटेचे पाणी ज्या उंचवट्यावर पडे तेथे मारोतरावांनी सिमेंटची टाकी बांधविली आणि तिच्या बुडापासून जमिनीखालून लोखंडी पाइप स्वयंपाकघरापर्यंत आणविला. पाणी उताराने आपणहून येई. या कामाला त्यांच्या पत्नीने, भागीरथाबाईंनी, एकाच अटीवर संमती दिली होती.

"पानी म्हंजे गंगा," त्या म्हणाल्या होत्या. "ती येनाऱ्या-जानाऱ्याच्या वाहाणीखालून वाह्यली, असं माह्या अंगनात चालनार नाई. भिताडाच्या कडेकडेनं आना."

मारोतरावांनी तुळशीसमोर उभे राहून होकार दिला आणि अंतर मोजायला ते स्वतः निघाले. त्यांचा आपल्या पावलांवर फार विश्वास. साखळीने शेत मोजणाऱ्या माणसाच्या आधी ते पावलांनी मोजून आकडा सांगत, आणि तो पुष्कळदा जुळे. त्या दिवशी मात्र भिंतीच्या कडेला शेणाचा उकिरडा आडवा आला. तो त्यांनी एक मोठी ढांग टाकून ओलांडला आणि हिशेबात एकच पाऊल धरले. पुसदहून गाडीने पाइप आले तेव्हा दोन हात कमी भरले. भागीरथाबाई त्या पंधरवड्यात माहेरी घाटंजीला गेल्या होत्या. पाइप बसविणारा मिस्त्री म्हणाला, "सरळ अंगणातून नेला तर पुरतो." पुन्हा गाडी जुंपावी तर आपले माप चुकले हे गावभर होणार. मारोतराव "बरं" म्हणाले. माती लोटली गेली, वर शेणाचा सडा पडला, आणि ते दोन अक्षरांचे 'बरं' दोन वर्षे जमिनीखाली निवांत निजून राहिले.

शके अठराशे पंच्याऐंशीच्या वैशाखात त्यांच्या मुलीचे, विजयमालेचे, लग्न निघाले. वऱ्हाड केळापूरचे. मांडवाच्या पहिल्या खांबाचा, म्हणजे मुहूर्तमेढीचा, खड्डा खणण्यासाठी रिवाजाप्रमाणे तांड्यावर खेमसिंगला नारळ गेला.

खेमसिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशोदेशी हिंडणारे. त्याच्या बापापासून ही मंडळी गावाच्या शिवेवर वस्ती करून शेती करू लागली. पण खेमसिंगची खरी ख्याती त्याच्या हाताची होती. बारा वर्षांत त्याने खणलेल्या खड्ड्यातली एकही मेढ वाऱ्याने कलली नव्हती, आणि त्या मांडवांत जुळलेली एकही सोयरीक मोडली नव्हती. म्हणून त्याच्या हाताला यश आहे असे लोक म्हणत. या कामाचे तो नारळाखेरीज काही घेत नसे. लग्नघरी आपल्याला नावाने बोलावणे येते आणि सोयऱ्यांच्या आधी आपला हात मातीला लागतो, हेच त्याचे वतन होते.

त्या सकाळी तो स्नान करून, धुतलेले पागोटे बांधून आला. मागून माती उचलण्यासाठी टोपली घेऊन त्याची बायको रुपीबाई आली. भटजींनी पंचांग मिटले, दिशा पाहिली आणि अंगणात एक खडा टाकला.

"आग्नेय कोन. येथे."

मारोतराव एक पाऊल पुढे आले. तो खडा कोठे पडला आहे हे त्या अंगणात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

"महाराज," ते हळूच म्हणाले, "जरासं इकडं सरकलं त नाई चालनार? हातभर?"

"मारोतराव, पाहुण्याला सरकवता येते, अग्निदेवाला सरकवता येत नाही."

बायका हसल्या. मारोतरावही हसले आणि मनात गणित मांडू लागले. मिस्त्री म्हणाला होता, पाइप दीड हात खोल आहे. मेढीचा खड्डा सव्वा हाताचा. म्हणजे पाव हाताचे अंतर राहते. पाव हातात देव पुष्कळ काही सांभाळू शकतो, असे त्यांनी स्वतःला समजाविले.

खेमसिंगने भूमीला नमस्कार करून कुदळ उचलली. माती निघाली, मग मुरूम निघाला. हातभर खोली झाली नाही तोच कुदळ ठणकली.

"गोटा हाय," खेमसिंग म्हणाला. या मुलखात दोन वीत खाली गेले की काळा दगड भेटतोच. खणणारा त्याला घाबरत नाही, उलट अंग झाडून जोर करतो. खेमसिंगने पाय रोवले आणि कुदळ डोक्यावर नेली.

ती वर होती तेवढा वेळ मारोतरावांच्या हाती होता. त्यांनी तोंड उघडले.

"जरा... दमानं," ते म्हणाले.

आणि कुदळ खाली आली.

मनगटाएवढी धार खड्ड्यातून उसळली ती थेट भटजींच्या पंचांगावर. विजयमाला ओसरीतून ओरडली, "गंगा आली वं, गंगा आली!" पोरीबाळी खिदळत पदर सावरू लागल्या. रुपीबाईने टोपली टाकली आणि आपल्या बोलीत आईला हाक मारली. "ए याडी! जमिनीतून नदी काढली ह्या मानसानं!" खेमसिंगने डोक्यावरचे धुतलेले पागोटे उतरविले, त्याचा बोळा करून भोकात कोंबला आणि वर पाय देऊन उभा राहिला. तेवढ्यात आतून भागीरथाबाईंचा आवाज आला, "तोटी कोरडी पडली! कोनं काय केलं?"

त्या बाहेर आल्या, खड्ड्याशी वाकल्या, आणि बराच वेळ त्या लोखंडाकडे पाहत राहिल्या. हसणे हळूहळू विरले.

खेमसिंगने चिखलाचे हात जोडले. "पाटील, कुदळ माह्या हातात व्हती. जे फुटलं ते माह्या हातानं फुटलं. भरून देनं माह्यावर."

"अरे, पन..."

"पन नाई, बिन नाई. माहा आजा मीठ लादून मुलूखभर फिरे. वाटेत गोन भिजली, त पाऊस कोनाचा व्हता हे कोनी इचारत नव्हतं. बैल कोनाचा व्हता, हे इचारत. पाइप सुधरेपावेतो आमच्या तांड्याच्या बाया तुमच्या घरी पानी भरतीन."

मारोतरावांना एकदम हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याचीच त्यांना लाज वाटली. समोरचा मनुष्य ओझे आपणहून पाठीवर घेत असता आपण बोलावे तरी कशाला, असा एक विचार आला. तो विचार फार गोड होता.

परंतु रुपीबाईने कमरेवर हात ठेवले.

"आज्याचा कायदा अर्धाच सांगून राह्यला हा! बाकीचा अर्धा कुठी ठेवला?" ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "माही आजेसासू सांगे. लादायच्या आधी मालाचा धनी हरेक गोनीवर हात ठेवून बोलून दे. ह्यात मीठ हाय, ह्यात गूळ हाय, ह्यात काचेच्या बांगड्या हायेत. जे बोललं त्याची जिम्मेदारी लादनाऱ्याची. जे नाई बोललं त्याची धन्याची. माह्या मानसाले कोनी हात ठेवून सांगतलं का, ह्या अंगनात काय पुरलं हाय म्हनून?"

"चूप वं," खेमसिंग पुटपुटला. "लगनाचं घर हाय."

"म्हनूनच बोलून राह्यली. भांडनाचं घर असतं त टोपलीच फेकली असती."

आता सर्वांच्या नजरा उत्तर शोधू लागल्या. भटजींनी ओले पंचांग झटकले. स्थान त्यांनी दाखविले होते, म्हणून आपली बाजू प्रथम मांडणे त्यांना प्राप्तच होते.

"न्यायशास्त्र असे सांगते," ते म्हणाले, "की घट घडतो त्याला माती कारण, चाक कारण, कुंभार कारण. परंतु ज्याच्या पाठीवरून माती आली ते कुंभाराचे गाढव मात्र कारण नव्हे. ते केवळ तेथे होते. या प्रसंगी माझे स्थान त्या गाढवाचे समजावे."

"आता तुमी कायले गाढव म्हनून घेता महाराज, लगनाच्या घरी?" मारोतरावांची थोरली बहीण पंचफुला कळवळून म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

त्या हशाच्या आडोशाने मारोतरावांनी पळवाट काढली. "त्या मिस्त्रीचं काम," ते म्हणाले. "म्या त्याले भिताडाकडून ने म्हनूनच सांगतलं व्हतं."

हे वाक्य असत्य नव्हते. ते फक्त निम्मे होते.

"येऊ द्या त्याले," भागीरथाबाई म्हणाल्या. "लगन होऊ द्या, मंग पाहातो त्याच्याकडं. दोन वर्सं माह्या गंगेले तुडवाले लावलं मेल्यानं!" असे म्हणून त्यांनी खड्ड्यातल्या पाण्याला हात जोडले.

प्रकरण येथे मिटले असते. पण पंचफुला घरातली थोरली, आणि शकुन-अपशकुनाचा निवाडा तिच्याकडे असे.

"मिस्त्रीचं मंग पाहा," ती म्हणाली. "मेढीचं काय? पह्यल्या घावाले घरचं पानी गेलं. आता दुसरा खड्डा खनाचा, त हात बी दुसरा पाह्यजे. गावातल्या बळीरामले बोलवा, तो बी खनते. खेमसिंगच्या हाताले यश व्हतं, आम्ही कुठी नाई म्हनतो? पन व्हतं ते सरलं असन."

ती हे रागाने बोलली नाही. सहज बोलली, आणि म्हणूनच ते सगळ्यांना पटल्यासारखे झाले. एक-दोघींनी माना डोलाविल्या. त्यांच्या घरी येत्या माघात लग्ने व्हायची होती.

नुकसानभरपाई अंगावर घेताना जो मनुष्य एवढा ताठ उभा होता, तो आता एकाएकी हातांनी काय करावे हे न कळल्यासारखा दिसू लागला. त्याने कुदळीची माती अंगठ्याने निपटली. मग ओट्यावर ठेवलेला मानाचा नारळ उचलला, तुळशीपाशी नेऊन परत ठेवला आणि रुपीबाईला म्हणाला, "चाल."

मारोतराव पाहत होते. पाइप पुसदला मिळतो. मिस्त्रीही मिळतो. मनुष्याच्या हाताचे गेलेले यश कोणत्या बाजारात मिळते? उद्यापासून याला कोणी बोलावणार नाही, आणि का बोलावले नाही हे कोणी सांगणारही नाही. कुदळ डोक्यावर असताना आपले तोंड उघडे होते, आणि त्यातून निघाले काय, तर "दमानं"!

"थांब खेमसिंग," ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "उचल तो नारळ."

खेमसिंग वळला.

"मिस्त्रीचा दोष नाई, अन् तुहा बी नाई. अंगनातून ने म्हनून म्याच सांगतलं. पाइप कमी पडले. म्या..." त्यांनी एकवार पत्नीकडे पाहिले आणि मग नजर मेढीच्या लाकडावर ठेवली. "म्या उकिरडा एका पावलात मोजला."

पागोट्याच्या बोळ्यातून पाणी ठिबकत होते.

"उकिरडा?" भागीरथाबाईंनी विचारले.

"व्हय."

"एका पावलात?"

"ढांग टाकून."

"अन् आताच महाराजाइले सरकून घ्या म्हने ते..."

"मले मालूम व्हतं म्हनून."

ओसरीत विजयमालेने तोंडाला पदर लावला. भागीरथाबाई एक शब्दही न बोलता आत गेल्या. मारोतरावांना वाटले, आता लग्न होईपर्यंत ही आपल्याशी बोलत नाही, आणि लग्न झाल्यावर जे बोलेल त्यापेक्षा हे न बोलणे बरे. पण त्या लगेच परत आल्या. हातात रांगोळीचा वाडगा होता.

"घ्या. काढा रेघ. गंगा कुठून कुठी गेली, ते साऱ्याइले दिसू द्या."

"म्या? रांगोळी?"

"पाइप तुमी घातला. रेघ कायले म्या काढू?"

"अवं, उद्या सोयरे येतीन!" पंचफुला म्हणाली. "मारोती, बाईमानसावानी अंगनात बसशीन का तू?"

"बसू द्या वन्सं. रुपी म्हनते ते खरं हाय. धन्यानं हात ठेवून बोललं पाह्यजे."

मारोतरावांनी धोतर खोचले, टाकीच्या बाजूने सुरुवात केली आणि उकिडवे बसून मागे सरकत रेघ ओढू लागले. चिमटीतून रांगोळी सोडण्याची कला त्यांना ठाऊक नव्हती. रेघ कोठे दोरीएवढी, तर कोठे दोरखंडाएवढी पडू लागली. पण वाट चुकली नाही. पाइप कुठे सरळ होता, कुठे किंचित वळला होता, हे सारे त्यांना जपमाळेच्या मण्यांप्रमाणे पाठ होते. तुळशीच्या अलीकडे आल्यावर ते उठले आणि सवयीने एक लांब ढांग टाकून रेघेच्या पलीकडे गेले.

भागीरथाबाईंनी ती ढांग पाहिली.

"आता समजलं!" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दोन वर्सं पाहून राह्यली मी, ह्याच ठिकानी तुमी असा पाय उचलता. मले वाटे, गुडघा धरला. दोन वर्सं रोज निरगुडीचं तेल चोळलं म्या त्या गुडघ्याले!"

मारोतराव खाली मान घालून म्हणाले, "गंगेले पाय लागू नाई म्हनून ओलांडत व्हतो."

"अन् तेल?"

"तेलानं बरं वाटे."

आता मात्र कोणालाच आवरले नाही. पंचफुला ओट्यावर बसून डोळे पुसू लागली. रुपीबाई टोपलीवर थापा मारून हसली. भागीरथाबाईंनी बराच वेळ ओठ दाबून धरले, पण त्यांचे खांदे हलत होते, आणि खांदे हलू लागले की त्या घरातला राग संपला असे समजण्याची वहिवाट होती.

रेघ स्वयंपाकघराच्या भिंतीला भिडली. मारोतराव उठले, हात झटकून खेमसिंगसमोर उभे राहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, "ह्या रेघेखाली पाइप हाय. बाकी साऱ्या अंगनात माती अन् मुरूम. आता जिथी महाराज सांगतीन, तिथी खन. मेढ तुह्याच हातची लागन."

खेमसिंगने पंचफुलेकडे पाहिले. निवाडा तिचा होता.

पंचफुलेने पदराने नाक पुसले. "माह्याकडं काय पाहातं? पानी काई हातानं नाई गेलं, उकिरड्यानं गेलं. खन बाबा. मुहूर्त टळून राह्यला."

भटजींनी रेघ न्याहाळली आणि तिच्यापासून दोन हात दूर दुसरा खडा टाकला. "आग्नेय कोन पुष्कळ मोठा असतो," ते गंभीरपणे म्हणाले. सरकवण्याची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही.

खेमसिंगने नारळ कपाळाला लावला आणि कुदळ उचलली. मेढ मुहूर्ताच्या आत उभी राहिली. खांबाला आंब्याचा डहाळा बांधून झाल्यावर खेमसिंग आणि मारोतराव फुटक्या पाइपापाशी समोरासमोर बसले. एकाने सायकलची जुनी ट्यूब ताणून धरली, दुसऱ्याने ती गुंडाळून वरून सुतळी आवळली. "आवळा पाटील," खेमसिंग म्हणाला, "पावलं नका मोजू." पाइप थोडा पाझरत राहिला, पण तोटीला पाणी आले. पागोटे मात्र कामातून गेले होते. भागीरथाबाईंनी आहेरातले नवे पागोटे काढून आणले, आणि खेमसिंगनेही आढेवेढे न घेता ते डोक्याला बांधले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले तेव्हा अंगणात मांडवाखालून आडवी गेलेली ती नागमोडी पांढरी रेघ तशीच होती. यजमानीण स्वतः तिच्यापाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला "ओलांडून या, पाय नका ठेवू" असे नम्रपणे सांगत होती. नवरदेवाने ओलांडली. त्याच्या करवल्यांनी ओलांडली. केळापूरच्या एका वृद्ध सोयऱ्याने काठी टेकून ती ओलांडली आणि पलीकडे पोचल्यावर आदराने विचारले, "हा तुमच्या कुळाचा आचार का बाई?"

"व्हय मामा," भागीरथाबाई मारोतरावांकडे न पाहता म्हणाल्या. "ह्याच सालापासून."

पुढे ज्येष्ठात बळीरामच्या लेकीचे लग्न निघाले आणि तांड्यावर नारळ गेला. खेमसिंग धुतलेले पागोटे बांधून आला. भटजींनी खडा टाकला, पण खेमसिंग कुदळ गुडघ्यांवर आडवी ठेवून उकिडवाच बसून राहिला.

"अगोदर बोल," तो म्हणाला.

"काय बोलू बाप्पा? माह्या घरी कुठी नळ हाय?"

"मले काय मालूम, काय हाय अन् काय नाई? घर तुहं. हात ठेव अन् बोल."

बळीराम गुडघे टेकून खाली बसला. त्याने अंगणाच्या मातीवर तळहात ठेवला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ह्यात काईच पुरलं नाई."

खेमसिंग उठला नाही. बळीराम जरा विचारात पडला.

"एक मांजर हाय," तो म्हणाला. "त्या शेवग्याखाली. मागच्या साली मेलतं."

"मंग तिकडं नाई खनत," खेमसिंग म्हणाला, आणि भूमीला नमस्कार करून त्याने कुदळ उचलली.